मंडळी गात नाही, नुसती ऐकते

पत्र :

ताई, मी आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या उपासनेला गायनपथकाचं नेतृत्व करते. नवीन साउंड सिस्टिम आली आहे, कीबोर्ड, दोन गिटार, ड्रम असं सगळं आहे, सरावही नियमित होतो. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आम्ही गातो आणि लोक आमच्याकडे बघत उभे राहतात. ओठ हलले तर हलले. वडीलधारे म्हणतात, हे सगळं नव्या गाण्यांमुळे झालं, जुनी स्तोत्रं परत आणा. तरुणांना ती कंटाळवाणी वाटतात. त्यात पुढच्या बाकावर एक मावशी आहेत, त्या खड्या आवाजात आणि पूर्ण बेसूर गातात. पथकातल्या मुलांना हसू आवरत नाही, त्यांनी ‘मावशींना जरा समजवा’ असा माझ्यामागे लकडा लावलाय. एक काका आहेत, ते पत्नी गेल्यापासून गाणी सुरू झाली की उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहतात. आणि खरं सांगू? उपासना संपल्यावर कुणी ‘काय सुंदर गायलीस’ म्हटलं की मला मनापासून आनंद होतो. घरी गेल्यावर मात्र खात राहतं, ही स्तुती देवाची होती की माझी? सोडून द्यावं का हे सगळं?
– माईकसमोरची

उत्तर :

प्रिय भगिनी,

सोडू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल.

तुमच्या पत्रात तक्रारी बऱ्याच आहेत, पण मला त्यांची गाठ एकच दिसते. मंडळीचं गाणं मंडळीच्या हातून निसटून तुमच्या पथकाकडे गेलंय. कुणी हिसकावून घेतलेलं नाही. वाद्यं वाढली, सराव वाढला, आवाज वाढला, आणि गाणं आपसूक व्यासपीठावर जाऊन बसलं. ते परत बाकांवर आणणं हे तुमचं काम. चांगलं गाणं हे त्या कामाचं साधन झालं, काम नव्हे.

असं याआधीही झालंय. इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी या रोमी अधिकाऱ्याने सम्राट त्रायानला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांची माहिती दिली आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने त्याचं स्तोत्र गातात, असं त्याला चौकशीत कळलं होतं. जमलेले सगळेच गात होते, ऐकणारा वेगळा कुणी नव्हता. पुढे चौथ्या शतकात लावदिकीया इथल्या धर्मसभेने नियम केला की मंडळीत नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी गाऊ नये. त्याच शतकात मिलानमध्ये मात्र उलट घडलं. 386 साली राजमाता जस्टिना आणि बिशप अँब्रोज यांच्यात मंदिराच्या (चर्चच्या) ताब्यावरून संघर्ष पेटला, लोक रात्र-रात्र मंदिरात जागून राहिले, आणि ते दुःखाने खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या मंडळ्यांप्रमाणे सगळ्यांनी मिळून स्तोत्रं गायची प्रथा तिथे सुरू झाली. पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनने हे लिहून ठेवलंय आणि तो त्या काळात त्याच शहरात होता. नंतर मध्ययुगात पश्चिमेकडच्या मंदिरांतलं बरंचसं गायन पुन्हा पाळक-गायकांकडे आणि लॅटिनमध्ये गेलं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या चळवळीतलं पहिलं छोटं गीतपुस्तक 1524 साली निघालं. त्यात गाणी अवघी आठ, पण ती लोकांच्या भाषेत होती.

तेव्हा तुमच्या मंडळीवर काही अनोखं संकट कोसळलेलं नाही. गाणं पुढे सरकतं आणि कुणीतरी ते पुन्हा मागे आणून द्यायचं असतं.

आता कसं आणायचं ते बोलू. गाण्याच्या बाबतीत लोक ‘भक्ती कमी झाली’ असं पटकन म्हणून मोकळे होतात. मला त्याचा राग येतो, कारण दहातल्या आठ वेळा दोष भक्तीचा नसतो, पट्टीचा असतो.

तुम्ही नवी गाणी कुठून घेता? रेकॉर्डिंग ऐकूनच ना? तिथला गायक तयारीचा असतो, पुष्कळदा उंच आवाजाचा पुरुष. त्याच्याच पट्टीत गाणं जसंच्या तसं उचललं की ध्रुवपदाच्या वरच्या ओळीला मंडळीतले पुरुष गप्प होतात. बायका खालच्या सप्तकात उतरतात, तर तिथे पहिलं कडवं इतकं खाली जातं की आवाजच फुटत नाही. लोक गात नाहीत असं तुम्हाला वाटतं, त्यांना वाटतं आपल्याला गाता येत नाही. दोन-तीन रविवार असे गेले की माणूस प्रयत्नच सोडतो.

न शिकलेल्या गळ्याची आरामाची जागा एक सप्तक आणि वर दोन-तीन स्वर, एवढीच असते. बायकांसाठी ती मधल्या ‘सी’च्या खालच्या ‘ए’पासून वरच्या ‘डी’पर्यंत धरा, पुरुषांसाठी तीच एक सप्तक खाली. पेटीच्या भाषेत (‘सी’ म्हणजे पांढरी एक, ‘डी’ म्हणजे पांढरी दोन), वरच्या पांढरी दोनच्या पलीकडे मंडळीला फार वेळ उभं करू नका. पट्टी ठरवताना गाण्याचा पहिला स्वर बघू नका, सगळ्यात वरचा बघा. समजा गाणं पांढरी सातमध्ये आहे आणि ध्रुवपद वरच्या पंचमावर जाऊन मुक्काम करतं. तो पंचम येतो काळी तीनवर. तुम्हाला जमेल, मावशींना आणि काकांना नाही. चार अर्धस्वर खाली या, पांढरी पाचमध्ये, की तोच पंचम पांढरी दोनवर येतो. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं बटण चारदा दाबायचंय आणि गिटारवाल्याचा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) चौथ्या फ्रेटवर असेल तर तो काढून खिशात ठेवायचाय. फक्त तेवढं करून मग त्याच सुरात सर्वांत खालची ओळ गाऊन बघा, ती तळाला तर गेली नाही ना. सकाळच्या उपासनेला गळे उघडलेले नसतात, पहिलं गाणं त्याहून अर्धा-एक सूर खाली चालेल. तुमच्या आवाजाची चमक थोडी कमी होईल. होऊ द्या.

दुसरी गोष्ट आवाजाची. माणूस गर्दीत कधी गातो? शेजारचा गाताना ऐकू आला तर. स्पीकर इतके मोठे असतील की स्वतःचाही आवाज कानावर येत नाही, तर आपण गायलो काय नि नाही काय, असं होतं. फारच बारीक असतील तर प्रत्येकाला आपला एकट्याचा आवाज ऐकू येतो आणि संकोच वाटतो. या दोहोंच्या मधली जागा ऑपरेटरच्या खोलीत बसून सापडत नाही. सरावाच्या वेळी कुणालातरी मधल्या बाकावर बसवा. आणि एक प्रयोग करा. एखाद्या माहितीतल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं थांबवा, तुम्हीही माईकपासून दोन पावलं मागे सरका. त्या कडव्याला जे कानावर येईल तेवढं तुमच्या मंडळीचं गाणं. पहिल्या वेळी ते ऐकून बरं वाटणार नाही, याची तयारी ठेवा.

तिसरी, तुमच्या गाण्यातल्या हरकती. गैरसमज नको, मला ताना-मुरक्या आवडतात. पण पहिल्या कडव्यात एक चाल आणि दुसऱ्यात दुसरीच वळणं घेतलीत तर मागे येणारा माणूस चुकतो, चुकला की ओशाळतो आणि थांबतो. सरळ गा. प्रत्येक ओळीआधी श्वास दिसेल असा घ्या, मंडळी तुमच्या श्वासावरून सुरुवात ओळखते. दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा दर वेळी सारख्याच मात्रांचा असू दे. पडद्यावर ओळी दाखवत असाल तर पुढची ओळ, आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच आली पाहिजे. ही बारीकसारीक कामं वाटतात, पण ‘सगळ्यांनी मोठ्याने गा’ असं दर रविवारी विनवण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने 1761 साली गायनासाठी सात सूचना छापल्या. तिसरी अशी की सगळ्यांनी गावं. अशक्तपणा किंवा थकवा थोडाफार असला तरी थांबू नये, आणि गाणं हा कुणाला क्रूस वाटत असेल तर त्याने तो उचलावा. चौथीत तो म्हणतो, अर्धमेल्यासारखं किंवा पेंगत असल्यासारखं गाऊ नका. पाचवीत लगेच लगाम घालतो, इतरांच्या वर आपला आवाज ऐकू यावा म्हणून ओरडू नका. ही पाचवी सूचना पथकातली मुलं मावशींना वाचून दाखवायला धावतील. त्यांना आधी विचारा, त्या मंदिरात इतरांच्या वर आवाज जाण्याची सोय कुणाकडे आहे? मावशींकडे माईक नाही.

मावशींना काहीही समजावू नका. ‘नुसते ओठ हलवा’ असं सांगितल्यावर पुन्हा कधीच न गायलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातल्या काहींना शाळेत सांगितलं होतं आणि ती साठीला टेकली तरी गप्प होती. बायबलमधल्या शंभराव्या स्तोत्रात जयघोष करण्याची आज्ञा सगळ्या पृथ्वीला आहे, सुरेल गळ्यांना नाही. शिवाय बेसूर गाणाऱ्याचा कान पुष्कळदा ठीक असतो, गळ्यावर ताबा नसतो. पट्टी फार उंच असेल तर तो ताबा आणखी सुटतो. म्हणजे पट्टी उतरवल्याने मावशींचा प्रश्न निम्मा सुटण्याची शक्यता आहे. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांच्या शेजारी खात्रीच्या सुराची, त्यांच्याच सप्तकात गाणारी एखादी बाई बसवा. हुकूम म्हणून नको, मैत्रीण म्हणून. त्यांचा आवाज व्यासपीठावरच्या एखाद्या माईकमध्ये शिरत असेल तर माईक हलवा, मावशींना नको. आणि हसणाऱ्या मुलांना पथकात ठेवायचं की नाही, हा प्रश्न मी मावशींच्या सुरापेक्षा गंभीर मानते. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, देव गाण्यांचा गोंगाट आपल्यासमोरून दूर करा म्हणतो, वीणांचे सूर ऐकणार नाही म्हणतो. तिथे सूर चुकला अशी तक्रार नाहीच. दुबळ्यांना तुडवून वर गाणाऱ्यांविषयी ते आहे.

जुनं की नवं, या भांडणात मला फारसं पडायचं नाही. वडीलधारे म्हणतात नव्या गाण्यांत तेच तेच घोळवतात. 136 वं स्तोत्र काढून दाखवा, 26 ओव्या आणि प्रत्येकीच्या शेवटी त्याची दया सनातन असल्याचं तेच पालुपद. तरुण म्हणतात जुन्यांत शब्द जड. आहेतच. पण त्या जड शब्दांत पाप, क्षमा, मरण, पुनरुत्थान यांबद्दल काहीतरी सांगितलेलं असतं, आणि प्रेषित पौलाने कलस्सै इथल्या मंडळीला लिहिताना गाण्याचा संबंध एकमेकांना शिकवण्याशी आणि बोध करण्याशी जोडलाय. मी गाणं निवडताना वेगळं बघते. हे गाणं पडद्याशिवाय, वाद्याशिवाय, आजाऱ्याच्या खाटेशेजारी तिघांना म्हणता येईल का? काही नवी गाणी या परीक्षेला उतरतात, काही जुनी उतरत नाहीत. तुमच्या मंडळीला अशी पाठ असलेली गाणी किती आहेत, ते एकदा वडीलधाऱ्यांना आणि मुलांना एकत्र बसवून लिहून काढा. यादी बहुधा धक्कादायक आखूड निघेल. मग नवं गाणं एका वेळी एकच घ्या, आणि ते लागोपाठ तीन-चार रविवार गा. तुमच्या पथकाला कंटाळा येईल त्या सुमारास मंडळीला ते येऊ लागलेलं असेल.

आता काका. पत्र वाचताना मी इथेच सर्वांत जास्त थांबले. तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत केला आहे आणि काही विचारलंही नाही, म्हणजे तुम्हालाही ते बोचत असणार.

तुमच्या गेल्या काही महिन्यांच्या गाण्यांच्या याद्या काढून बघा. विजय, आनंद, नाचू, उंच करू. यात त्या माणसाने काय म्हणायचं? बाहेर जाणं हा कदाचित त्यांचा प्रामाणिकपणा असेल, तोंडाने एक आणि मनात एक नको म्हणून. बायबलच्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र ‘कोठवर’ या प्रश्नाने उघडतं. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरीही ती गाण्यासाठी आहेत, आणि तीही उपासनाच आहे, कारण रडणारा माणूस देवाकडे तोंड करून रडतोय. आपण मात्र आपल्या याद्यांतून हा सगळा भाग गाळून टाकलाय आणि मग दुःखी माणसं गात नाहीत म्हणून त्यांची काळजी करतो.

कुणीतरी त्यांना पौल आणि त्याचा सोबती सीला यांचं उदाहरण देईल, फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री ते कसे गात होते ते. ते उदाहरण थोपवा. शोक करणाऱ्याच्या अंगावर टाकायची ती गोष्ट नाही. हो, त्यातलं एक मात्र तुम्ही स्वतःसाठी घ्या. पाठीवर वळ, पाय खोड्यात, तुरुंगाची दारं उघडणारा भूकंप अजून व्हायचा होता, आणि त्या वेळी ते दोघं होते. पौल एकटाच गात होता असं लिहिलेलं नाही.

म्हणून काकांना आत बोलावू नका. गाणी सुरू झाल्यावर कुणीतरी व्हरांड्यात त्यांच्याजवळ जाऊन उभं राहिलं तर बरं, काही न बोलता. आणि महिन्यातून एकदा तरी विलापाचं एखादं स्तोत्र, संथ लयीत, ड्रमशिवाय घ्या. त्यांचं नाव घेऊन, ‘हे आपल्या काकांसाठी’ असं जाहीर मात्र चुकूनही करू नका. मंडळीत दुःख असलेले ते एकटे नाहीत. बाकीचे आत उभे राहून हसऱ्या चेहऱ्याने निभावून नेतात, इतकंच.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. कौतुकाने आनंद होतो हे पाप आहे का? नाही, गळा चांगला असल्याची ती नैसर्गिक पावती आहे. ऑगस्टीनही याच्या जवळपासच्या पेचात अडकला होता, फक्त ऐकणाऱ्याच्या बाजूने. गाण्यातल्या अर्थापेक्षा गाणंच मला जास्त हलवतं तेव्हा माझं चुकतं, असं त्याने कबूल केलं. अशा वेळी गाणं ऐकूच नये असंही त्याला वाटून गेलं. पण सुरुवातीच्या दिवसांत मंदिरातलं गाणं ऐकून आपण कसे रडलो होतो ते त्याला आठवलं आणि शेवटी त्याने गाणं असू द्यावं असाच कौल दिला. झुरिचचा धर्मसुधारक झ्विंग्ली याने दुसरं टोक गाठलं. तो स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा, पण त्याच्या सुधारणेत झुरिचच्या मंदिरांतून गायन-वादन हद्दपार झालं. तिथे मंडळीचं गाणं परतायला 1598 साल उजाडलं. धोका टाळायचा म्हणून गाणंच टाकलं तर पुढच्या दोन-तीन पिढ्या मुक्या राहतात. तुम्ही सोडून दिलंत तर तुमचा अहंकार सुटेल याची खात्री नाही, मंडळीला एक जाणती नेतृत्व करणारी बाई कमी होईल एवढं नक्की.

कुणी ‘सुंदर गायलीस’ म्हटलं तर ‘थँक यू’ म्हणा. ‘मी नाही हो, सगळं प्रभूनेच केलं’ असं मान वाकडी करून म्हणू नका, त्यात आणखी एक कौतुक मागितल्यासारखं होतं. मग त्यांना विचारा, तुम्हाला गाता आलं का? वर गेल्यावर ओढाताण झाली का? या प्रश्नाची उत्तरं तुमच्या खूप कामाची आहेत आणि बोलणं आपोआप तुमच्यावरून त्यांच्यावर जातं. अधूनमधून एखाद्या रविवारी नेतृत्व दुसऱ्या कुणाला द्या आणि बाकावर बसून गा. माईक दुसऱ्याच्या हातात बघून जीव कासावीस होतो का, ते तेव्हा कळेल. होत असेल तर पाळकांशी त्यावर मोकळेपणाने बोला, कुढत बसू नका.

हे सगळं एका रविवारी करायला जाऊ नका, पथक बिथरेल. आधी फक्त पट्ट्या उतरवा आणि महिनाभर बघा. वाद्यं थांबवण्याचा प्रयोग ड्रमवाल्या मुलाला आदल्या सरावातच सांगा, नाहीतर त्याला वाटेल आपल्याला काढतायत. विलापाच्या स्तोत्राचं पाळकांच्या कानावर आधीच घालून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ते प्रार्थनाही तशी घेतील.

तुमची,
ताई